हात लुळा पडला, जीभ अडखळली, पण दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचं का?

हो, आणि आत्ताच. सकाळपर्यंत थांबू नका. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला की असं होतं. डॉक्टर याला टीआयए म्हणतात, बोलण्यात ‘मिनी स्ट्रोक’. नाव मिनी असलं तरी खरा स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो.

पुन्हा शंका आली तर हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतंय का बघा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एखादं साधं वाक्य म्हणायला लावा. यातलं एक जरी बिघडलं तरी रुग्णवाहिका बोलवा. अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं हेही त्यातलंच. बहुतेकदा दुखत काहीच नाही, म्हणून तर घरचे ‘जरा पडा, बरं वाटेल’ म्हणतात!

माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ. रक्तपुरवठा अडवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरतं. म्हणून स्कॅनची सोय असलेलंच हॉस्पिटल गाठा. ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका. पाणीसुद्धा नको, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.