'सेव्हन समुराई' पहिल्यांदा बघताय?

आधी प्रिंटची लांबी तपासा. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा १९५४चा मूळ चित्रपट २०७ मिनिटांचा आहे. परदेशात काटछाट केलेल्या प्रतीही फिरल्या. त्यांत माणसं नीट उलगडत नाहीत. मध्यंतर चित्रपटातच आहे, उठायचं तर तिथेच.

दरोडेखोरांपासून गाव राखणाऱ्या सात समुराईंचा, म्हणजे जपानी लढवय्यांचा, म्होरक्या काम्बेई. त्याच्या कागदावर नजर ठेवा. ४० दरोडेखोर, तेवढीच वर्तुळं. एकेक मेला की फुली. शेवटच्या लढाईआधी १३ उरतात. त्यामुळे पावसाचिखलातल्या गदारोळातही हिशेब सुटत नाही, आणि माझ्या मते पटकथेची खरी करामत हीच. ती लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी, दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्स लावून टिपलीय. म्हणून घोडे अगदी अंगावर येतात.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) आणि 'शोले' नंतर पुन्हा बघा. गाव राखायला बाहेरून आणलेले लढवय्ये लगेच ओळखू येतील.