फोल्डर रिकामे दिसते तेव्हा

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीनची खरेदी चालू असते, तेव्हा वजनकाट्याला जोडलेला संगणक दिवसभराच्या वजनांची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) तयार करतो. ती पाहण्यासाठी नोटपॅडमध्ये ‘ओपन’ केले की फोल्डर उघडते, पण आत एकही फाइल दिसत नाही. तेच फोल्डर डेस्कटॉपवरून उघडले, तर सगळ्या फाइली जागेवर असतात. फाइली खराब झाल्या असतील का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : फाइली सुरक्षित आहेत. फाइल निवडण्याची ही चौकट फोल्डरात जे जे आहे ते सगळे दाखवत नाही. आपण सोयाबीन चाळणीतून काढता तशी ती फाइलींची यादी चाळून मगच आपल्यापुढे ठेवते. नोटपॅडच्या चौकटीत खाली, फाइलच्या नावाच्या रकान्याजवळ, फाइलप्रकाराची एक छोटी यादी असते आणि तिथे ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्यामुळे टीएक्सटी हे एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे, असलेल्या फाइलीच तेवढ्या दिसतात. ती यादी उघडून ‘ऑल फाइल्स’ निवडले की आपल्या सीएसव्ही फाइली लगेच दिसू लागतील. एखादी फाइल हरवली असे ठरवण्यापूर्वी या रकान्याकडे एकदा पाहावे, असा माझा प्रत्येक वाचकाला आग्रह आहे, कारण केवळ या गैरसमजामुळे अनेक जण झालेले काम पुन्हा करत बसतात.

हंगामाच्या शेवटी त्या फोल्डरात फाइलींची गर्दी होईल. तेव्हा फाइलच्या नावाच्या रकान्यात तारकाचिन्ह, टिंब आणि रोमन अक्षरांत सीएसव्ही असे लिहून एंटर दाबावे. फाइल उघडण्याऐवजी यादीच गाळली जाते आणि सीएसव्ही फाइली व उपफोल्डर तेवढे उरतात. फाइलींच्या नावांची सुरुवात तारखेने होत असेल, तर वर्ष आणि महिना लिहून पुढे तारकाचिन्ह दिल्यास त्या महिन्याच्याच फाइली दिसतात. शिवाय ‘डीटेल्स’ या मांडणीत ‘डेट मॉडिफाइड’ या शीर्षकावर टिचकी मारली, तर ताजी फाइल सर्वांत वर आणता येते.

दोन गोष्टींबद्दल मात्र सावध राहावे. पहिली अशी की, या चौकटीतल्या फाइली नुसत्या पाहण्यापुरत्या नसतात. तिथे एखादी फाइल निवडलेली असताना डिलीटची कळ दाबली गेली, तर ती फाइल खरोखरच रिसायकल बिनमध्ये जाते, आणि तिचे नावही तिथल्या तिथे बदलता येते. दुसरी गोष्ट आपल्या कामात अधिक महत्त्वाची आहे. नोटपॅड फाइल उघडताना तिचा त्या क्षणीचा मजकूर स्मृतीत घेते. इकडे आपण ती उघडून ठेवली आणि तिकडे काटा चालूच राहिला, तर नंतरची वजने मूळ फाइलीत जमा होत राहतात; अशा वेळी आपण नोटपॅडमध्ये ‘सेव्ह’ केले की जुना मजकूर नव्यावर लिहिला जातो आणि मधल्या पोत्यांच्या नोंदी नाहीशा होतात. शेतकऱ्याचे पैसे त्या नोंदींवर ठरतात. म्हणून मूळ फाइलीची प्रत करावी आणि प्रतच उघडावी.

प्रश्न : गावातील महिला बचत गटांची यादी मी नोटपॅडमध्ये मराठीत तयार करून सीएसव्ही म्हणून जतन केली. एका संगणकावर तिची सगळी प्रश्नचिन्हे झाली, तर दुसऱ्यावर एक्सेलमध्ये भलतीच अक्षरे आली. शिवाय फाइलच्या नावामागे टीएक्सटी लागते ते वेगळेच.
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : या तिन्ही अडचणी ‘सेव्ह ॲज’च्या चौकटीत सुटतात. तिथे ‘एन्कोडिंग’, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, निवडण्याचा रकाना असतो. त्यात ‘एएनएसआय’ ही जुनी पद्धत असेल, तर देवनागरी अक्षरांना त्या पद्धतीत जागाच नसल्यामुळे त्यांच्या ठिकाणी प्रश्नचिन्हे लिहिली जातात. नोटपॅड जतन करण्याआधी तशी सूचना देते, परंतु घाईत ‘ओके’ दाबले जाते. एकदा प्रश्नचिन्हे जतन झाली की मूळ अक्षरे त्या फाइलीतून परत मिळत नाहीत, त्यामुळे ती यादी आपल्याला पुन्हा लिहावी लागेल, हे सांगताना वाईट वाटते. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीलाही जागा असलेल्या पद्धतीत, जतन करते. जुन्या संगणकांवर मात्र हा पर्याय दर वेळी स्वतः निवडावा लागतो.

एक्सेलमधील भलत्या अक्षरांचे कारण निराळे आहे. त्या फाइलीत मजकूर शाबूत असतो, फक्त तो यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेल ओळखत नाही. एन्कोडिंगच्या यादीत ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडून फाइल पुन्हा जतन केली, तर तिच्या आरंभी एक अदृश्य खूण बसते आणि त्या खुणेवरून एक्सेलला मराठी नीट वाचता येते. नावामागचे टीएक्सटी टाळायचे असेल, तर प्रकारात ‘ऑल फाइल्स’ निवडावे किंवा एक्स्टेन्शनसह पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे.

प्रश्न : मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या) मदतीने काम करतो. फाइल निवडण्याच्या चौकटीत आपण नेमके कोठे आहोत, ते समजत नाही.
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : कंट्रोल आणि ओ दाबून चौकट उघडली की आपण फाइलच्या नावाच्या रकान्यात असता. नाव माहीत असेल, तर आरंभीची अक्षरे टंकावीत. जुळणारी नावे सुचवली जातात आणि खालच्या बाणाने ती एकेक ऐकता येतात. नाव आठवत नसेल, तर शिफ्ट आणि टॅब दाबून मागे फाइलींच्या यादीत जावे, तिथे पहिले अक्षर दाबावे, म्हणजे त्या अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलीवर आपण पोहोचता. ऑल्ट आणि वरचा बाण दाबल्यास एक फोल्डर वर जाता येते. भरकटल्यासारखे वाटले, तर ऑल्ट आणि एन दाबून नावाच्या रकान्यात परत यावे. या रकान्यातून टॅबने पुढे गेल्यावर फाइलप्रकाराची यादी ऐकू येते. औशाच्या वाचकांना सांगितलेला ‘ऑल फाइल्स’ हा पर्याय आपल्याला तिथेच बाणांनी निवडता येईल.