इंटेलच्या शेअरमध्ये मुलीचे पैसे घालू का?

वाचकाचा प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. अनगोळचा प्लॉट विकून १४ लाख आलेत. मुलगी दहावीत आहे, तिला इंजिनिअरिंगला घालायचंय. बेंगळुरूचा पुतण्या म्हणतो, "काका, इंटेल घ्या. एवढी मोठी कंपनी बुडत नाही, आता तर अमेरिकेच्या सरकारनंच त्यात भाग घेतलाय." मशीनच्या कर्जाचे ४ लाख बाकी आहेत, व्याज ११ टक्के. काय करू?

दादा, मुलीच्या पैशातला एक रुपयाही तिथं घालू नका. पुतण्याचा हेतू चांगला आहे, त्याच्यावर रागावू नका. पण कंपनी बुडणार नाही म्हणजे शेअर वाढेलच, असं नसतं.

इंटेल ही कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी अमेरिकन कंपनी. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ७५ डॉलरच्या आसपास होता. तेव्हा घरोघरी येणाऱ्या कॉम्प्युटरवर तिचंच स्टिकर असायचं आणि 'हिला कोण हात लावणार' असंच लोक म्हणायचे. २०२४ च्या अखेरीस तोच शेअर २० डॉलरवर होता. मधल्या काळात डॉलर ४६ रुपयांवरून ८५ वर गेला, तरी रुपयांत मोजलं तर मुद्दल निम्मंच उरतं. चोवीस वर्षांत थोडाफार लाभांश मिळाला असेल. तोही कंपनीनं २०२४ च्या शेवटच्या तिमाहीपासून थांबवला. त्या वर्षी तिला जवळपास १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडक बड्या कंपन्यांच्या डाऊ जोन्स निर्देशांकातली तिची जागा एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीनं घेतली.

असं का झालं, हे पुतण्यापेक्षा तुम्हाला लवकर कळेल, कारण ही गोष्ट तुमच्याच धंद्याची आहे. इंटेल डिझाइनही स्वतः करायची आणि माल स्वतःच्याच कारखान्यात काढायची. तैवानची टीएसएमसी मात्र फक्त जॉबवर्क करते, म्हणजे दुसऱ्यांच्या डिझाइनच्या चिप बनवून देते. ॲपल, एएमडी, एनव्हिडिया अशा सगळ्यांची ड्रॉइंग तिच्याकडे येतात. दहा गिऱ्हाइकांचं अवघड काम करता करता तिचा हात बसत गेला. इंटेलची '१० नॅनोमीटर' ही आणखी बारीक काम असलेल्या चिप काढायची प्रक्रिया मात्र रिजेक्शनमुळे काही वर्षं रखडली. शंभर नगांतले किती पास होतात यावरच शॉप चालतं की नाही ठरतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! त्याआधी आयफोनची चिप बनवायची संधी आली होती, ती दर परवडणार नाही या हिशेबानं इंटेलनं सोडली. पुढं मोबाइलचा बाजारच तिच्या हातून गेला. २०२० पासून ॲपलनं आपल्या मॅकमधूनही इंटेलच्या चिप काढायला सुरुवात केली.

आता इंटेललाही बाहेरचं जॉबवर्क हवंय. पण जे शॉप बाजारात तुमच्याशीच स्पर्धा करतं, त्याच्याकडे तुम्ही आपलं ड्रॉइंग बिनघोर द्याल का? खरी अडचण तिथं आहे. ती सुटणारच नाही असं मी म्हणत नाही. मोठी गिऱ्हाइकं टिकली तर कंपनी उभी राहीलही. पण त्याला किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही, आणि तुमच्या मुलीची ॲडमिशन दोन वर्षांवर आलीय.

राहिला सरकारचा मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं साधारण १० टक्के हिस्सा २०.४७ डॉलरच्या भावानं घेतला. त्यातला बराचसा पैसा आधीच कबूल केलेल्या अनुदानाचा होता, तोच शेअरमध्ये बदलून घेतला. पुढच्या काही महिन्यांत भाव चांगलाच वर गेला, म्हणजे सरकारची खरेदी ज्या भावानं झाली तो आता तुमच्या वाट्याला येणार नाही.

कागदपत्रांचा व्यापही आहे. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर रक्कम बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तुमच्या १४ लाखांवर ते ८० हजार होतात. पुढं ते करात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. आणि तुम्ही 'सुगम', म्हणजे आयटीआर-४ हा छोट्या धंद्यांचा सोपा आयकर फॉर्म भरत असाल, तर परदेशी शेअर आल्यावर तो फॉर्म चालत नाही.

माझ्या मते आधी मशीनचं कर्ज फेडा. ११ टक्के व्याज वाचणं ही खात्रीची कमाई आहे. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, एवढं बँकेत विचारून घ्या. ९ लाख मुलीचे. त्यांच्या चार ठेवी करा, दर वर्षी फी भरायच्या आधी एक सुटेल अशा. एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या वर ठेवू नका, विमा तेवढ्याचाच असतो. आपल्या भागात गल्लोगल्ली सोसायट्या, म्हणजे पतसंस्था आहेत, अर्धा-एक टक्का जास्त देतात. ओळखीचे संचालक घरी येऊन आग्रह करतील, तरी हे पैसे तिथं नकोत. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही.

उरलेला एक लाख तुमचा. चिपच्या धंद्यात भाग हवाच असेल, तर नॅस्डॅक-१०० च्या, म्हणजे अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांत पैसे विभागून लावणाऱ्या इंडेक्स फंडात थोडे थोडे घाला. त्यात इंटेलही आहे आणि तिला मागं टाकणारेही आहेत. मात्र दहा वर्षं त्याला हात लावायचा नाही.

आणि प्लॉट विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर भरलाय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो बाकी असेल तर १४ लाखांतून आधी ती रक्कम बाजूला काढा, मग वरचे आकडे पुन्हा मांडू. खरेदीखत आणि विक्रीखत दोन्ही घेऊन या.