उजनीवर पहिल्यांदा जाताना

उजनी धरणाच्या जलाशयावर पक्षी बघायला भिगवणला जायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण 100 किलोमीटर. पहाटेच निघा, म्हणजे उन्हं चढायच्या आत तिथल्या काठच्या कुंभारगावात होडीत बसाल. जानेवारी ते मार्च उत्तम. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. धरण तुडुंब असताना ते क्वचितच दिसतात.

एक मात्र कळकळीने सांगते, उडतानाच्या फोटोसाठी होडी थव्यात घालायला लावू नका. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, इथे पोट भरायला उतरलेले असतात. नावाडी बहुतेक इथलेच मच्छीमार, पक्ष्यांच्या जागा त्यांना पाठ, त्यांचं ऐका. उन्हाळ्यात गेलात तर पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर आलंय का, तेही विचारून घ्या.