प्रॉडक्ट मॅनेजरला वयाच्या ३८ व्या वर्षी एआय सॉफ्टवेअर स्वतः लिहिण्याकडे वळता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, १२ वर्षे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम केल्यावर एआयवर आधारलेले सॉफ्टवेअर स्वतः लिहिण्याच्या कामाकडे वळता येईल का, त्यासाठी पुन्हा पदवी घ्यावी लागेल का, आणि एआय स्वतःच कोड लिहू लागले असताना तो शिकण्यात अर्थ उरला आहे का. मीही पुण्यात ११ वर्षे प्रॉडक्ट मॅनेजर होते आणि ३९ व्या वर्षी वळले, म्हणून अनुभवावरून लिहिते. वळता येते, आणि पदवी लागत नाही. मात्र दीड-दोन वर्षे लागतील हे धरून चालावे, आणि खरी अडचण गणिताची किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची असेल असे समजू नये. माझ्या बाबतीत ती सवयीची निघाली.

सवय अशी की, काही बिघडले की ते कोणाकडे तरी सोपवायचे. आपण बिघाडाचे वर्णन उत्तम करतो, त्याचा प्राधान्यक्रम ठरवतो, तिकीट, म्हणजे इंजिनिअरसाठी कामाची नोंद, काढतो आणि पुढच्या मीटिंगला जातो. बिघाडापाशी बसून राहणारा माणूस दुसराच असतो. पहिले काही महिने मी रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडून बसायचे आणि पहिला अडथळा आला की नकळत नवीन सुविधांची यादी करू लागायचे, म्हणजे मॅनेजरचेच काम करायचे. हे ध्यानात आल्यावर मी एक नियम घालून घेतला: हाती घेतलेला बिघाड का झाला हे एका वाक्यात लिहिता येईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

हा नियम कुठे कामी आला ते सांगते. माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. रजा, पोषण आहार, शिष्यवृत्ती अशा अनेक बाबतींत तिला शासन निर्णय धुंडाळावे लागतात, म्हणून ते वाचून मराठीत उत्तर देणारे साधन करायचे मी ठरवले. पायथॉन, माहिती साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर अर्थाने जवळचा मजकूर शोधून देणारी पीजीव्हेक्टर ही जोड, एवढ्यावर काम भागेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात असे दिसले की काही जुन्या पीडीएफ युनिकोड ही अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. पडद्यावर त्या स्वच्छ मराठी दिसतात, पण त्यातला मजकूर काढला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गाळ हाती येतो. ती पाने चित्र म्हणून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा वाचून घ्यावी लागली.

मग टोकनांचा, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या बारीक तुकड्यांत वाचते त्यांचा, हिशेब समोर आला. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्यांना ४ अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये त्याचे १५ घटक होतात आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत तो ४५ बाइट व्यापतो. मॉडेल मजकुराची टोकने कशी पाडते त्यावर मराठीतला खर्च आणि वेग दोन्ही ठरतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल जाहीर करताना ओपनएआयने दिलेल्या तक्त्यात मराठीतले एक नमुना-वाक्य आधीच्या ९६ ऐवजी ३३ टोकनांत बसलेले दाखवले होते. एवढा फरक पडू शकतो हे मला वर्षानुवर्षे प्रॉडक्टचे रोडमॅप, म्हणजे पुढच्या कामाचे आराखडे, लिहूनही ठाऊक नव्हते.

सर्वांत मोठा बिघाड मात्र ताईने दाखवला. तिने रजेविषयी एक प्रश्न विचारला, साधनाने शासन निर्णयाच्या क्रमांकासह नेमके उत्तर दिले, आणि ती म्हणाली, “अगं, हा निर्णय आता लागू नाही. नव्या निर्णयाने तो अधिक्रमित केलाय, म्हणजे त्याची जागा घेतलीय.” मी प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेली सूचना, बदलला, मॉडेल बदलले, तरी उत्तर तेच येत राहिले. चार रात्रींनंतर मी मॉडेलला नेमका कोणता मजकूर पुरवला जातो ते ओळीओळीने छापून पाहिले, तेव्हा कारण सापडले. साधन प्रश्नाशी जुळणारे मोजकेच तुकडे शोधून मॉडेलला देते, आणि त्यासाठी मी प्रत्येक कागदाचे १,००० अक्षरांना एक असे सरसकट तुकडे केले होते. नव्या निर्णयात जुन्याचा क्रमांक ‘वाचा’ या मथळ्याखाली पहिल्या तुकड्यात होता आणि ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ हे शब्द तिसऱ्या तुकड्यात. दोघांचा संबंध माझ्याच कोडने तोडला होता. मी तुकडे प्रस्तावना, शासन निर्णय अशा मथळ्यांवरून पाडले, कोणता निर्णय कोणत्या निर्णयाची जागा घेतो याचे वेगळे टेबल केले, आणि क्रमांक-दिनांकांसाठी साधा शब्दशोधही जोडला, कारण केवळ अर्थाच्या जवळिकीवर चालणारा शोध आकड्यांमध्ये हमखास गल्लत करतो.

इथेच तुमची १२ वर्षे उपयोगी पडतील, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. एकाच प्रश्नाला मॉडेल दर वेळी थोडे वेगळे उत्तर देते, त्यामुळे बरोबर कशाला म्हणायचे हे आधी लिहून ठेवल्याशिवाय सुधारणा झाली की बिघाड वाढला हे कळतच नाही. मी ताईसोबत बसून १२० प्रश्न, त्यांची मान्य उत्तरे आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच उत्तर यायला हवे असे काही प्रश्न लिहून काढले. कोडमध्ये प्रत्येक बदल केल्यावर ते सगळे चालवून पाहते. या कामाला इव्हॅल्स म्हणतात. अनेक चांगले इंजिनिअर ते कंटाळवाणे म्हणून टाळतात, तर आपण स्वीकृतीचे निकष लिहिण्यातच उमेदवारी केलेली असते. मला नव्या कामावर घेताना झालेल्या मुलाखतीचा बराच वेळ याच यादीवर गेला.

एआय कोड लिहीत असताना शिकावे का, याचे माझे उत्तर ठामपणे होय असे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ (कोड न वाचता एआयकडून लिहून घेणे) हा शब्द रूढ केला, त्याच कार्पाथी यांनी यूट्यूबवर एक छोटे जीपीटी, म्हणजे भाषेचे मॉडेल, पहिल्या ओळीपासून लिहून दाखवले आहे. ते पाहा, आणि शेजारी स्वतः टाइप करत पाहा. मीही आज कोड लिहिणारी साधने रोज वापरते. परंतु पहिले तीन महिने मी ती बंद ठेवली होती, कारण कोड मागून घेणे आणि आलेला कोड चालतो का ते बघणे हे पुन्हा सोपवण्याचेच काम आहे, फक्त समोर माणूस नसतो. वर सांगितलेला तुकड्यांचा बिघाड तुकडे पाडणारे १५-२० ओळींचे फंक्शन मी स्वतः लिहिले होते म्हणूनच मला सापडला.

गणिताची धास्ती घेऊ नका. बारावीचे सदिश, मॅट्रिक्स आणि संभाव्यता पुन्हा चाळलीत तर या कामापुरते पुरते. मॉडेल घडवण्याच्या संशोधनात जायचे असेल तर गोष्ट वेगळी. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट आणि डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल मात्र पक्के करा.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण घर चालवणाऱ्याला तोच प्रश्न आधी पडतो. माझे पद एक पायरी खाली आले आणि पगारही कमी झाला. आम्ही दोघांनी त्यासाठी आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढला होता. तुम्ही नोकरी सोडून शिकायला बसू नका. सध्याच्याच कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींची वर्गवारी करण्यासारखे एखादे छोटे, अंतर्गत काम मागून घ्या, स्वतःच्या नावाने पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला कोड मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवा आणि टीममधल्या एखाद्या ज्येष्ठ इंजिनिअरला ती कठोरपणे तपासायला सांगा. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर ३१ शेरे आले होते, आणि ते सगळे निस्तरायला मला नऊ दिवस लागले.