लंडनच्या गॅलरीत ‘छापील’ चित्राला हजारो पौंड का मोजायचे?

तुम्ही लंडनमधल्या कॉर्क स्ट्रीटवर १९३०च्या सुमाराचा एक लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेलं चित्र) पाहिलात, खाली पेन्सिलीने ‘२३/६०’, म्हणजे साठपैकी तेविसावी प्रत, असं लिहिलेलं होतं, आणि ६० प्रती असलेल्या चित्राला एवढे पैसे का, असं विचारलंय. कारण त्या साठही प्रती मूळ चित्रच आहेत. आधी रंगवलेलं चित्र आणि मग त्याची छपाई, असा प्रकारच तिथे नसतो. चित्रकाराने लिनो कोरला, शाई लावली आणि कागद उचलला, तेव्हा ते चित्र पहिल्यांदा दिसलं.

त्या काळातल्या लिनोकटचं मोठं केंद्र म्हणजे लंडनच्या पिम्लिको भागातलं ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट. इयन मॅकनॅब यांनी ते १९२५मध्ये काढलं. क्लॉड फ्लाइट तिथे लिनोकट शिकवायचे. सिरिल पॉवर आणि सिबिल अँड्र्यूज त्याच वर्तुळातले. भुयारी रेल्वे, सरकते जिने, होड्यांच्या शर्यती हे त्यांचे विषय. बाह्यरेषांचा वेगळा ठोकळा (कोरलेला लिनो) ही मंडळी सहसा करत नसत. रंगागणिक एक ठोकळा, आणि तीन-चार रंग एकमेकांवर चढले की त्यातूनच आकार उभा राहायचा. पातळ जपानी कागद ठोकळ्यावर पसरून मागून हाताने घासायचा. मी स्वतः लिनो कापते, म्हणून सांगते: तिसऱ्या रंगाला कागद केसभर सरकला की आधीची सगळी मेहनत वाया. शिवाय हाताचा दाब दर वेळी थोडा वेगळा पडतो, त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवल्या तर फरक दिसतो.

१९२३मध्ये सुरू झालेल्या रेडफर्न गॅलरीने १९२९ साली ब्रिटिश लिनोकटचं पहिलं प्रदर्शन भरवलं. ही गॅलरी आजही कॉर्क स्ट्रीटवर आहे. सामान्य माणसालाही परवडावी अशी कला म्हणून फ्लाइट लिनोकटकडे बघत होते. आज पॉवर यांचे गाजलेले लिनोकट हजारो पौंडांना जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घ्यायचं ठरवलंत तर निव्वळ सही बघून भुलू नका. इंग्रज चित्रकार एल. एस. लॉरी यांच्या सहीच्या अनेक प्रती म्हणजे त्यांच्या रंगवलेल्या चित्रांची ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रावर, केलेली पुनर्मुद्रणं आहेत. त्यांनाही चांगला भाव येतो, पण ती वेगळी वस्तू आहे हे ठाऊक असूनच घ्यावी. भिंग लावलंत तर ऑफसेटमध्ये ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. हाताने छापलेल्या लिनोकटमध्ये शाईचा सलग थर असतो, आणि कागद पातळ असेल तर मागच्या बाजूलाही रंग उमटलेला दिसतो. म्हणून चित्र फ्रेममधून काढून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो. आढेवेढे घेणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही. कडा कापल्यात का, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेला रंग उघड्या भागापेक्षा गडद आहे का, मागे जुन्या चिकटपट्टीचे डाग आहेत का, हे बघा. उन्हाने उडालेला रंग परत आणता येत नाही, त्यामुळे तिथे घासाघीस करायला हरकत नाही.

भारताशी नातं असलेलं काही हवं असेल तर ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांची ‘इंडियन व्ह्यूज’ ही १९७१ची मालिका शोधा. आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या भारताचे हे १२ स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली चित्रं) आहेत. खिडकीची चौकट आणि पलीकडे रंगांचे पट्टे, एवढंच. पण ज्याने भारतात गाडीने लांबचा प्रवास केलाय त्याला ते लगेच ओळखीचं वाटतं.

बजेट कमी असेल तरी गॅलरीत जायला संकोचू नका, आत जायला पैसे पडत नाहीत. भिंतीवर टांगलेला माल सहसा महागातला असतो. बरेचसे प्रिंट सपाट खणांच्या कपाटात ठेवलेले असतात. तुमचा आकडा स्पष्ट सांगा आणि ते खण उघडून दाखवायला सांगा. कमी नावाजलेल्या चित्रकारांची छोटी एचिंग्ज (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली) आणि वुडकट (कोरलेल्या लाकडावरून छापलेली) तिथे सापडतात, आणि पहिली खरेदी म्हणून मला तीच जास्त पसंत आहेत.