'सोम्नोलंट' या शब्दाची फोड

इन्सोम्निया, सोम्नॅम्ब्युलिझम अशी झोपेच्या विकारांची लॅटिन नावे पाठ कशी करावीत, असे आपण विचारले आहे. पाठ करू नयेत, त्यांची फोड करावी. 'सोम्नस' म्हणजे झोप. त्याच्या आधी नकारार्थी 'इन' लागला की निद्रानाश, आणि पुढे 'अँब्युलारे' म्हणजे चालणे आले की झोपेत चालण्याचा विकार.

फोड न केल्यास काय होते, ते आमच्या घराने अनुभवले आहे. वडील नाशिकमधील एका रुग्णालयात असताना त्यांच्या कागदांवर 'सोम्नोलंट' असा शेरा होता. माझ्या थोरल्या बंधूंनी त्यातले 'सोम्न' तेवढे ओळखले, वडिलांना झोप लागत नाही असा अर्थ लावला आणि रात्री पंचवटीतल्या घरून आईची झोपेची गोळी आणली. लॅटिन 'सोम्नोलेंटस' म्हणजे झोपेने भरलेला, आपल्या संस्कृतातला 'निद्रालु'. दिवसभर गुंगीत असलेल्या, हाक मारल्यावर जेमतेम डोळे उघडणाऱ्या माणसाला ते आणखी झोपवणार होते. मी त्यांचा हात धरला आणि रात्रपाळीच्या सिस्टरना बोलावले. त्यांनी गोळी काढून घेतली. अशा अवस्थेत त्या गोळीने श्वास मंदावू शकतो, हे बंधूंना अजूनही पटलेले नाही. मी ऐन वेळी व्याकरण काढून बसलो, असेच ते सांगतात.

लॅटिन संस्कृतातूनच निघाली, हा त्यांचा दुसरा हट्ट. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आहे आणि तरीही हे साफ चूक आहे असे म्हणतो. संस्कृत 'स्वप्न', लॅटिन 'सोम्नस' आणि ग्रीक 'हिप्नॉस' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत; मूळचा 'प' लॅटिनमध्ये 'न'च्या शेजारी 'म' झाला, मात्र गाढ झोपेच्या 'सोपोर' या शब्दात तो टिकला. संस्कृतात 'स्वप्न' म्हणजे झोपही होते, मराठीत केवळ झोपेतले दृश्य उरले, म्हणून हे नाते आपल्या चटकन ध्यानात येत नाही. या भाषांचा उगम समान असावा, असे इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले होते. संस्कृत आणि लॅटिन बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

एक सांगायचे राहिले. सगळीच नावे लॅटिन नाहीत. 'ॲप्निया' (श्वास मध्येच थांबणे) आणि 'नार्कोलेप्सी' (दिवसा अनावर झोप येणे) ग्रीक आहेत, तर 'पॅरासोम्निया'त (झोपेत चालण्यासारखे विचित्र वर्तन) ग्रीक उपसर्ग लॅटिन शब्दाला जोडलेला आहे. शिवाय फोड जमली म्हणजे निदान जमले असे नाही. कागदावर अनोळखी शब्द दिसल्यास डॉक्टरांनाच विचारावे, त्या रात्री बंधूंनी विचारायला हवे होते तसे.